दगडांवरचं घर

“कुलूप तोडल्याचं बाई स्वतःच कबूल करतात,” सरकारी वकील तिन्ही न्यायाधीशांना म्हणाला. “मग अपील कसलं?”

युडीन गिटन्सचं रक्त उकळलं. तोडलं म्हणजे काय, तोडलंच! पण दार कुणाचं? तिच्या बापाने स्वतः रंधा मारून केलेलं. चार दिवस बहिणीकडे राहून ती परत आली, तर दाराला भलतंच कुलूप. जमिनीचा नवा मालक ऑस्मंड होल्डर याला तिथे बंगला बांधायचा होता. तिने पहार घेतली, कुलूप तोडलं आणि आपलं शिलाई मशीन बाहेर काढलं. झाली घरफोडी! दीड वर्षाची शिक्षा, अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामीन. स्वतःच्या घरात शिरून स्वतःचंच मशीन चोरणारी चोर साऱ्या बार्बाडोसात ती पहिलीच असेल.

चाळीस वर्षं एका जागी उभं असलेलं घर जमिनीचाच भाग झालं, असं खालच्या कोर्टाने ठरवलं होतं. जमीन होल्डरची, म्हणून घरही होल्डरचं. असल्या अकलेला काय म्हणावं? घर लाकडाचं, सुट्या दगडांवर नुसतं टेकवलेलं. दुसऱ्याच्या जमिनीवर अशी घरं उभी राहतात आणि मालकाशी बिनसलं की फळ्या सोडवून दुसरीकडे जातात. हे तिच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

पण सांगायला आलं होतं कोण? तिच्या मागची बाकं रिकामी होती. साक्षीला येतो म्हणणारा फिट्झ सुतार काल संध्याकाळी बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला होता.

“उद्या काही जमत नाही गं, युडीन. एक मोठं काम निघालंय. गल्लीतली सगळी माणसं लागतील.”

“माझ्या अपिलाच्या दिवशीच निघालं?”

“उद्याच व्हायला हवं ते,” म्हणून तो खुशाल शीळ घालत गेला. त्या गल्लीतल्या एकूण एक पोराचा शाळेचा गणवेश तिने शिवला होता. मेले कृतघ्न!

होल्डर मात्र पहिल्या बाकावर पायावर पाय टाकून बसला होता.

मधल्या न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “घर हलवता येतं असं तुम्ही म्हणता. पुरावा काय? चाळीस वर्षांत ते एकदाही हललेलं नाही.”

युडीनच्या वकीलबाई नुसतेच कागद चाळू लागल्या. युडीनला राहवेना. ती उठून उभी राहिली.

“हलवायचं कशाला, बाईसाहेब? आजवर कुणी हाकललं नव्हतं मला!”

“खाली बसा.”

होल्डर खुदकन हसला. युडीन बसली. आता तुरुंगच, हे तिला कळून चुकलं.

तेवढ्यात रस्त्यावर भोंगे वाजू लागले. एक, दोन, तीन. काही केल्या थांबेनात. न्यायाधीशबाई वैतागून उठल्या, खिडकीशी गेल्या आणि तिथेच थबकल्या. मग सगळेच खिडक्यांशी धावले.

खाली तीन ट्रक उभे होते. पहिल्यावर छप्पर, दुसऱ्यावर भिंती. तिसऱ्यावर बापाचं निळं दार, होल्डरने नंतर लावलेलं दुसरं कुलूप अजून तसंच लटकत असलेलं. फळ्यांच्या ढिगावर सगळी गल्ली घामाघूम होऊन बसली होती. फिट्झने वर पाहत टोपी काढली.

“घर आणलंय, बाईसाहेब!” तो ओरडला. “जमीन होल्डरसाहेबांची. ती तिथंच ठेवलीय.”