प्रवेशाची मुदत

"काका, अजून पेंडिंगच दाखवतंय," फिजिओथेरपी कॉलेजच्या खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या. शलाकाच्या फीचे ऐंशी हजार बाबांच्या खात्यातून कापले गेले होते, पण कॉलेजात पोहोचले नव्हते.

बाबा सकाळी डीडी काढायला निघाले होते. "डीडीबिडी कोण काढतं आता? कार्ड घ्या," असं हसून शलाकाच म्हणाली होती.

"सात दिवसांत परत येतील, सर," बँकेतून फोनवर सांगितलं. पण पाचपर्यंत फी भरली नाही, तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

पाच वाजले. मॅडमनी पुढचं नाव पुकारलं. ती मुलगी कागद छातीशी धरून अवघडून उभी राहिली. बाबा खिडकीचा गज सोडेनात.

"बाबा, सरका ना," शलाका हळूच म्हणाली. "तिला फी भरायचीय."