साडेपाच तासांचा फरक

अंबाजोगाईच्या मैदानावर हेलिकॉप्टर उभं होतं. आत डॉक्टरांसोबत सुभद्राबाईंची बेशुद्ध लेक होती. उड्डाणाचा संदेश एअर ॲम्ब्युलन्सच्या अंगदनं विमानतळाला पाठवला होता, पण दहाला निघायचं असून साडेदहापर्यंत परवानगी आली नाही. शेवटी त्यानं फोन लावला. "तुमचं उड्डाण दुपारी साडेतीनला आहे ना?" पलीकडच्या बाईंनी विचारलं. अंगदनं पाठवलेला संदेश पुन्हा उघडून पाहिला. अशा संदेशात जागतिक वेळ लिहितात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. घाईत त्यानं घड्याळातलेच दहा टाकले होते. दुरुस्त संदेश गेला, परवानगी आली, हेलिकॉप्टर उडालं. मैदानावर थांबलेल्या सुभद्राबाईंनी अंगदपुढे हात जोडले. "लई उपकार झाले, सायब. तिकडचे लोक अडवून बसलते, तुमी सोडवलं." "न्हाई मावशी," अंगद म्हणाला, "कुणी अडवलं न्हवतं. उशीर माझ्या चुकीनं झाला." जोडलेले हात खाली आले. "ह्या वाया गेलेल्या अर्ध्या तासापायी तिला काई झालं तर?"