तपकिरी मफलर

शेजारीण आठ दिवस माहेरी गेली आणि मांजरीकडे बघा म्हणून किल्ली माझ्याकडे देऊन गेली. पहिल्याच सकाळी दूध घेऊन गेले, तर मांजरी एका तपकिरी मफलरवर झोपलेली. माझ्या हातची वीण मी ओळखली. "हरवला," असं हे म्हणाले होते. आता त्यांना जाऊनही वर्ष झालं. शेजारणीला फोन लावला. "काकांनीच दिला, काकू. रोज फिरायला म्हणून निघायचे आणि इथे हिला मांडीवर घेऊन बसायचे. तुम्हाला घरात मांजर चालत नाही ना, म्हणून सांगू नकोस म्हणाले." "त्यांना शिंका नाही यायच्या?" "काकांना? कधीच नाही." मी फोन ठेवला. यांना शिंका येतात म्हणून पन्नास वर्षांपूर्वी मी माहेरून आणलेली माझी मनी पिशवीत घालून लांब सोडून आले होते. ती दोनदा परत आली. तिसऱ्यांदा मी तिला नदीपलीकडे सोडलं.