सहस्रकुंडचा सीझन

“पाण्यापायी घर सोडलेला माणूस पाणी आलं तरी माघारी येत न्हाई, पोरी,” सासूबाई म्हणाल्या होत्या. टँकरच्या रांगेत घागर पुढं सरकवता सरकवता रुद्राणीनं ते हसण्यावारी नेलं होतं. बी.एस्सी. झालेल्या सुनेनं असलं बोलणं किती मनावर घ्यायचं!

आता ती सहस्रकुंडच्या काठावर उभी होती. चार वर्षांच्या महादेवीचं मनगट तिनं इतकं घट्ट धरलं होतं की पोरगी दोनदा म्हणाली, “आई, दुखायलंय.”

धबधबा नव्हताच. पावसाळ्यात जिथून पैनगंगा कोसळते तिथं नुसता काळा कातळ तापत पडला होता, आणि तळाशी एक हिरवा डोह. दरीवरून पल्याडच्या पानं झडलेल्या सागाच्या जंगलापर्यंत लोखंडी दोर ताणलेला. हौशी माणसांना त्या दोराला अडकवून पल्याड सोडणारा, पिवळ्या हेल्मेटातला उंच माणूस म्हणजे मन्मथ. तिचा नवरा. मार्चपर्यंत तो लातुरात क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होता. पाण्यावाचून होस्टेलं बंद झाली, पोरं आपापल्या गावी गेली, क्लासला कुलूप लागलं.

दोन महिन्यांनी ती त्याला भेटायला आली होती. नांदेडला एसटी बदलून, भोकरला बदलून. हातात पाच लिटरचा कॅन.

टपरीवाल्या शेषेरावांनी कॅन बघितला आणि चहा गाळायचे थांबले. “मास्तरीणबाई, नदीला पाणी पाजायला आल्या का काय?”

रुद्राणी ओशाळली. लातुरात त्या उन्हाळ्यात कुणाकडं जायचं तर केळी-बिस्किटं नेत नसत, पाणी नेत. निघताना तिनं कॅन उचलला तो त्याच सवयीनं. आपण नदीवर चाललोय, हे डोक्यातच आलं नाही.

“असू द्या,” म्हातारा म्हणाला. “ह्या अंगाला निजाम होता, त्या अंगाला इंग्रज. रझाकाराच्या वक्ताला माझा बाप ह्याच कातळावरून पल्याड पळाला, अनवाणी. आता तुमचे मालक लोकाला पैशे घेऊन पळवून राहिले. किनवट जिल्हा होऊ द्या फक्त. तुमचं लातूर जसं उस्मानाबादेतून फुटलं, तसं आमी नांदेडातून फुटतो. मग कलेक्टरलाच लटकवू पहिलं.”

मन्मथ आला. काळा पडला होता, पण खांदे भरले होते. क्लासमध्ये असायचा तसा वाकलेला नव्हता. महादेवी आधी आईच्या मागं लपली. मग तो “ओळखलं न्हाई का गं?” म्हणाला, तेव्हा आवाजावरून ओळखलं.

त्यानं कॅन उचलला आणि तोंडाला लावला. घटाघटा प्यायला. तोंड पुसत म्हणाला, “जरा गढूळच हाय.” आणि पुन्हा लावला.

टपरीच्या पिंपातलं पाणी घेऊन त्यानं लेकीचे हात धुवायला घेतले. ती हात मागं ओढून इकडंतिकडं बघायला लागली.

“पप्पा, खाली बादली ठिवा ना. पाणी चाललं.”

शेषेराव मोठ्यानं हसले. मन्मथ हसला नाही.

तो वाकला तशी बाही वर सरकली आणि रुद्राणीला ते दिसलं. गळ्यातलं इष्टलिंग त्यानं दंडावर बांधलं होतं. घट्ट, नव्या दोऱ्यानं.

“छातीवरच्या पट्ट्यात अडकायचं,” तिची नजर बघून तो म्हणाला. “स्वामींना विचारलं. दंडावर चालतंय म्हणाले.”

दीक्षा घेतल्यापासून छातीवर रुळणाऱ्या लिंगाची जागा माणूस दोन महिन्यांच्या कामासाठी बदलत नाही, एवढं तिला कळत होतं.

“पाऊस पडला की येताल ना?” तिनं विचारलं.

“पाऊस पडला की?” त्याला खरंच नवल वाटलं. “रुद्रा, पाऊस पडला की तर इथला सीझन सुरू होतो. धबधबा बघायला सगळं नांदेड लोटतंय इकडं. आता काय, सुट्टीतली चार पोरं.”

“मग आम्हीच येऊ का इकडं?”

हे तिनं दरीकडं बघत विचारलं. महादेवीचं मनगट पुन्हा तिच्या हातात आलं होतं.

“इथं? शाळा कुठाय इथं? आन् आईला कोण बघंल?”

त्याचं चुकत नव्हतं. गेले दोन महिने रोज सकाळी पूजेला बसल्यावर, चमचाभर पाण्यात, ती पाऊस मागत आली होती. सगळी गल्लीच मागत होती. उद्यापासून काय मागावं, ते तिला सुचेना.

पल्याडून शिट्टी वाजली. कुणाचा तरी पट्टा अडकला होता.

“पोचलीस की मिस कॉल दे,” तो म्हणाला. त्यानं स्वतःला दोराला अडकवलं आणि कातळावरून पाय उचलले. एवढ्या खोल दरीवरून जाताना त्यानं खाली बघितलंसुद्धा नाही.

“पप्पा कवा येतेत?” महादेवीनं विचारलं. इस्लापूरची गाडी हॉर्न देत होती.

पाऊस पडला की तुम्ही सहस्रकुंडला जालच. सगळे जातात. तेव्हा रुद्राणीचं एवढं काम करा. दोरापाशी एक उंच माणूस भेटेल, सांगताना मध्येच “समजलं का?” म्हणून विचारणारा. तो बरा आहे का, वेळेवर जेवतो का, बघा. मग सहज म्हणून सांगा, लातूरला नळाला पाणी आलंय. आलेलं नसलं तरी सांगा. आणि त्याच्या तोंडाकडं नीट बघा.