खालच्या काकूंची सही

तिसरी तक्रार आली तेव्हा तिच्या पाठीवर वीस किलोचं वाळूचं पोतं होतं आणि ती स्टुलावर चढ-उतर करत होती. तसंच पोतं घेऊन तिनं दार उघडलं. बाहेर सोसायटीचे सेक्रेटरी.

"वहिनी, आता माझ्या हातात काही राहिलं नाही. एकाच घरातून तीन तक्रारी आल्या की भाडेकरूनं घर सोडायचं, असा नियम आहे. तुम्ही आजपासून हे बंद करा, मी कागद फायलीत दाबून ठेवतो."

टाइप केलेल्या दोन ओळी. 'वरच्या घरातील व्यायामाचा त्रास होतो. ताबडतोब बंद करावा.' खाली काकूंची वाकडीतिकडी सही. पहिल्या दोन कागदांवर होती तशीच.

अग्निशमन दलाची भरती अठरा दिवसांवर आली होती. लेखी परीक्षा ती पास झाली होती. उरली होती मैदानी चाचणी. पोतं घेऊन चार मजले, नव्वद सेकंदांत. दोन महिन्यांनी ती तीस वर्षांची होणार होती, आणि मग वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची. नाहीतर आहेच लॉन्ड्रीत जन्मभर लोकांचे सदरे इस्त्री करणं.

धावणं रस्त्यावर व्हायचं. पण पोतं घेऊन चढ-उतर करायला घराशिवाय जागा नव्हती. जिन्यात परवानगी नाही, मैदानाला दुरुस्तीचे पत्रे ठोकलेले.

"मी आत्ता खाली जाते आणि विचारतेच त्या म्हातारीला!" ती तणतणली.

नवऱ्यानं तिचा हात धरला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला. बोलणं मऊ, चालणं मुंगीच्या पावलांनी. चार वेळा ऐकल्याशिवाय एकदा बोलायचा नाही.

"तू गेलीस की भांडण होणार. तुझं डोकं म्हणजे काडेपेटी. मी बोलतो ना काकूंशी."

"दोनदा बोललास. काय उपयोग झाला?"

"तिसऱ्यांदा बोलतो. पाया पडतो हवं तर."

बिचारा! आधीच्या दोन्ही तक्रारींनंतर तोच खाली जाऊन आला होता. स्टुलाखाली गाद्या अंथरल्या होत्या त्यानंच. घड्याळ लावून सेकंद मोजायचाही तोच. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं लॉन्ड्रीतल्या बायका म्हणायच्या, आणि तिलाही ते पटायचं.

काकूंचं मात्र तिला मनापासून लागलं होतं. गेल्या वर्षी लिफ्ट बंद असताना काकूंना चक्कर आली, तेव्हा याच पाठीवर घेऊन ती त्यांना तीन मजले खाली उतरली होती. दवाखान्यात रात्रभर उशाशी बसली होती. काकू तेव्हा म्हणाल्या होत्या, "तू माझी मागच्या जन्मीची लेक." आणि या जन्मी? सरळ सह्या! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

त्यात मानभावीपणा किती! परवा सकाळी जुनं फाटलं म्हणून वाळूचं नवं पोतं खालून आणताना काकू जिन्यात भेटल्या आणि पोत्याला हातच घातला.

"अशा वेळी एवढं ओझं उचलायचं का गं?"

"मग कुठल्या वेळी उचलू? तुम्हीच वेळ ठरवून द्या!" ती फणकारली आणि वर निघून गेली. काकू खालूनच म्हणत राहिल्या, "हळू चढ, हळू."

नवरा तासाभरानं पडेल चेहऱ्यानं वर आला. "नाही ऐकत. घर गेलं तर कुठं जायचं आपण? जाऊ दे, राहू दे काही दिवस."

तिनं पोतं पलंगाखाली ढकललं. अठरा दिवस नुसती धावली. मांड्यांतली ताकद उतरत चाललेली तिला कळत होती आणि खालच्या घरातली खुर्ची सरकली तरी तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

चाचणीच्या दिवशी सकाळीच पाळी आली. ओटीपोटात कळा, कंबर मोडलेली. तरी गेली. तीन मजले बरी चढली. चौथ्यावर पाय लटपटले. वर पोचली तेव्हा साहेबांनी घड्याळ दाखवलं. नव्व्याण्णव.

"रोज पोतं घेऊन चढायला हवं होतं, बाई," ते म्हणाले. वाईट मनानं नाही म्हणाले, पण तिला रडू आवरेना.

घरी आली तेव्हा दुपार होती. नवरा दुकानात. आज हात धरायला कोणी नव्हतं. ती वर गेलीच नाही, तिसऱ्या मजल्यावरच थांबली आणि काकूंच्या घंटेवर बोट दाबून धरलं.

दार उघडताच ती बरसली. "झालं समाधान? नऊ सेकंदांनी गेलं माझं! तुमच्या सह्यांनी घात केला!"

"तू गेलीस? ओझं घेऊन?" काकूंचा चेहरा पांढरा पडला. "अगं वेडे, आधी बस. पाणी पी."

"नको मला तुमचं पाणी! पुन्हा भरतीला उभं नाही राहता येणार मला. दिवस गेले माझे, काकू!"

काकूंनी तिला ओढून खुर्चीत बसवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"दिवस गेलेत म्हणून तर सह्या केल्या ना, पोरी," त्या म्हणाल्या. "तुझा नवरा तिन्ही वेळा कागद घेऊन आला, माझे पाय धरून रडला, म्हणाला, तिसरा महिना लागलाय आणि ही भरतीपायी माझं बाळ घालवणार."