फैझल कुठे बघत होता

असं समजा, की तुम्ही सहा महिन्यांचे आहात. दुधाशिवाय दुसरी चव तुम्हाला ठाऊक नाही. तुम्हाला उशीला टेकवून बसवलं आहे, गळ्यात लाळेरं बांधलं आहे आणि समोरून एक चकचकीत चमचा येतो आहे. चमच्याच्या मागे सगळं घर श्वास रोखून उभं आहे. आता सांगा, तुम्ही कुठे बघाल?

फैझल दोन्ही हात पुढे करून झेपावला. पण चमचा ओठांशी आला मात्र, त्याने जीभ बाहेर काढली. खीर हनुवटीवरून ओघळून लाळेऱ्यावर आली.

"आजही तेच!" त्याची आई परवीन म्हणाली.

शेजारच्या मालनबाई हौसेने चांदीची वाटी घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडे या सोहळ्याला उष्टावण म्हणतात, परवीनच्या घरी खीर चटवणं म्हणतात. त्यांनी बोटावर थोडी खीर घेऊन चाखली.

"साखर विसरलीस का गं?"

"विसरले नाही, मावशी. वर्षाचा होईपर्यंत साखर नको म्हणालेत डॉक्टर."

"मग पेज म्हण की सरळ. मीसुद्धा जीभच काढली असती."

डॉक्टरांनी आणखीही सांगितलं होतं. मान सावरतो का, टेकून नीट बसतो का, आपण जेवताना घासाकडे टक लावून बघतो का आणि जिभेने अन्न बाहेर ढकलणं थांबलं आहे का, एवढं बघा. सगळं जमत असेल तर सुरू करा. नसेल तर थोडं थांबा, जबरदस्ती नको. बाकी सगळं फैझलला जमत होतं. नेमकी जीभ तेवढी आत राहत नव्हती.

आणि थांबायला वेळ नव्हता. परवीनची रजा संपत आली होती. सोमवारी तिला येरवड्याच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. तिला ते काम मनापासून आवडायचं. ऑफिसची बॅग तिने केव्हाच भरून दाराशी ठेवली होती. पण फैझल बाटलीला तोंड लावत नव्हता. तो दोन घास खायला लागला, तरच दिवसभर आजोबांपाशी राहू शकणार होता.

आजोबा म्हणजे हमीददादा. स्वारगेटजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ. आज पहिल्या घासाचा फोटो काढायला ते घरचाच कॅमेरा घेऊन बसले होते. बाळांचे फोटो काढणाऱ्या माणसाला एक सवय लागते. बाकीचे बाळाकडे बघतात. तो बाळ कुठे बघतंय ते बघतो. खुळखुळा तिथेच धरायचा असतो ना!

परवीनने पुन्हा चमचा भरला. हमीददादांनी डोळा कॅमेऱ्याला लावला. फैझल चमच्याकडे बघत नव्हता. आईकडेही नाही. तिच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघून तो खुदखुदत होता.

दादांनी कॅमेऱ्यावरून मान वर काढली. परवीनच्या पाठीमागे सात वर्षांची सुमय्या उभी होती, फैझलची मोठी बहीण. तिने जीभ पार हनुवटीपर्यंत बाहेर काढली होती. फैझलने आनंदाने तिची नक्कल केली. खीर पुन्हा लाळेऱ्यावर.

दादांनी हसू खोकल्यात दडवलं. मग त्यांना आठवलं. कालच पोरीने विचारलं होतं, "दादा, फैझल जेवलाच नाही, तर अम्मी ऑफिसला जाणार नाही ना?" तेव्हा त्यांना वाटलं होतं, बिचारी काळजीने विचारते आहे.

"अब्बा, मी ऑफिसला फोन करते," परवीन म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "आणखी रजा मागते. जागा राहिली तर राहिली."

"जरा थांब. आमच्या असिस्टंटला एकदा बघू दे."

दादांनी परवीनकडून चमचा घेतला, पुन्हा भरून सुमय्याच्या हातात दिला आणि ते तिच्या कानाशी वाकले.

"तू जीभ काढलीस की तो काढतो. आता तो खायला तयार झाला की नाही, ते तूच ठरव."

सुमय्याचे कान लाल झाले. "अम्मीला सांगणार?"

"मी कॅमेऱ्यामागे असतो, बेटा. मला कुठे काय दिसतं?"

ती फैझलसमोर बसली. आपली दोस्त एवढी जवळ आलेली बघून त्याने पाय झाडले, जीभ बाहेर काढली आणि खेळ सुरू होण्याची वाट बघू लागला. वाट बघता बघता लाळेऱ्यावरची खीर मुठीत धरून तो तोंडाशी नेत होता. निम्मी खीर गालाला लागत होती. तरी तो मूठ चोखतच होता.

सुमय्याने आईकडे बघितलं. परवीन फोनवर नंबर शोधत होती.

सुमय्याने ओठ घट्ट मिटून घेतले. फैझल गोंधळला. त्याने जीभ आत घेतली आणि ताईच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तिने मोठ्ठा आ केला.

फैझलनेही केला.

चमचा आत गेला. ओठ मिटले. खीर बाहेर आली नाही. त्याने भुवया उंचावून थोडा विचार केला आणि पुन्हा तोंड उघडलं.

"म्हणजे पेजेत खोट नव्हती तर," मालनबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

परवीनने फोन बाजूला ठेवला. ती हसत होती आणि दाराजवळच्या बॅगेकडे बघत होती. सुमय्याने ते बघितलं. तिने दुसरा चमचा भरला, हलकेच फुंकर घातली आणि मान वर न करता विचारलं, "अम्मी, सोमवारी तुझ्या डब्यात काय द्यायचं?"