घर बाटू नये म्हणून

"वाढत्या पिल्लाला नुसत्या दूधभातावर ठेवलंत, म्हणून याचे पाय लटपटतायत," जनावरांच्या डॉक्टरांनी वृंदाला खडसावलं. "मांजर आहे ते. आज उकडलेलं अंडं द्या, उद्यापासून चिकन."

घरी येताच तिने वाटेत घेतलेली चार अंडी उकडायला ठेवली. सासूबाई तरातरा आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. "एका मांजरापायी घर बाटवतेस?"

वृंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. "आई, मला सातवा लागला तेव्हा डॉक्टरांनी रोज अंडं खायला सांगितलं होतं. तुम्ही हेच म्हणालात आणि मी मुकाट्याने ऐकलं. पोर दीड किलोची जन्मली. वीस दिवस काचेच्या पेटीत होती. सहा वर्षांची झाली तरी अंगावर मांस नाही. तुमचं घर तेवढं बाटलं नाही!"

वृंदाने गॅस पुन्हा पेटवला आणि अंडी होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

एक अंडं कुस्करून तिने पिल्लापुढे ठेवलं. दुसरं सोलून त्यावर मीठ भुरभुरलं आणि अंगणात खेळणाऱ्या लेकीला हाक मारली.